मेण पाजण्याआधी

जळालेली मोटार मी डोळे मिटून उभी करू शकतो. शेतातल्या पंपाची असो की पिठाच्या गिरणीची, आतली तार काळी ठिक्कर पडलेली असली तरी आणा. वर्ध्याला माझं रिवाइंडिंगचं दुकान होतं, आणि आंजी या आमच्या गावाहून मी रोज एस.टी.नं जाऊन येऊन करायचो. गिऱ्हाईक जास्त बोललं की माझं डोकं सटकायचं. "मोटार ठेवून जा, तोंड घेऊन जा," असं मी सरळ म्हणायचो. तरी लोक यायचे, कारण काम पक्कं होतं. पण अख्ख्या जन्मात एका कॉइलनं मला रडवलं, आणि ती काडीपेटीएवढी होती. गिटारच्या पिकअपची.

हे तापट डोकं मला बाबांकडून मिळालं. बाबा गावातल्याच शाळेत मास्तर होते. आवाज असा, की त्यांनी शाळेतून पोराला हाक मारली तर वावरातून पोराचा बाप ओ द्यायचा. कोजागरी झाली की कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या देवळात रोज पहाटे काकडा असतो, महिनाभर. त्यातला पहिला अभंग बाबांनीच उचलायचा, हे कोणी न ठरवता ठरलेलं होतं. घरी आले की तोच आवाज माझ्यावर चालायचा. "काऊन रे गधड्या, सायकल पाण्यात काऊन ठेवली?" मी पण काही गप्प बसणारा नव्हतो. आमचं सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायचं. आई मधेच म्हणायची, "झालं का तुमचं दोघायचं? का अजून शिल्लक हाये?"

आई आणि बाबांचं आपसातलं बोलणं मात्र वेगळं. ते तिला "अवं" म्हणायचे, ती त्यांना "ऐकलं का". नाव कोणी कोणाचं घेत नव्हतं. आईनं लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. अख्खा संसार त्या "अवं" आणि "ऐकलं का"वर चालला होता, आणि चांगला चालला होता.

वयाची सत्तरी सरता सरता बाबांच्या गळ्यात गाठ झाली. मोठ्या दवाखान्यात काढली. डॉक्टर भला माणूस. त्यानं आधीच सांगितलं होतं की गाठ आवाजाच्या नसेला धरून बसली आहे, जीव वाचेल पण आवाजाचं सांगता येत नाही. जीव वाचला. आवाजाच्या जागी एक घोगरी फुसफूस राहिली. समोर कान लावून बसलं तर शब्द कळायचा, नाहीतर नाही. आई स्वयंपाकघरात असली की तिला काहीच ऐकू जायचं नाही, मग बाबा भिंतीवर टिचक्या मारायचे. आणि मी? मी भांडायचो, पण समोरून उत्तरच येईना. नुसते हातवारे. कोणाशी भांडणार? काय सांगू, त्या घरात मला जेवण जाईना. लोकांना वाटायचं, चला, म्हातारा शांत झाला, पोराला सुख झालं. लोकांच्या तोंडात माती.

त्या कार्तिकात देवळातल्यांनी प्रेमानंच बाबांच्या तोंडाजवळ माइक धरला. म्हणाले, "मास्तर, हळू म्हना, भोंगा मोठा करतो." भोंग्यातून सगळ्या गावावर फसफस गेली. सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तशी. समोरची लेकरं हसली. बाबा उठले, टाळ खाली ठेवले, आणि घरी आले. पुढं देवळाच्या रस्त्यानं सुद्धा ते जात नव्हते.

गिटार आली ती अशी. वर्ध्यातला एक ऑर्केस्ट्रा मोडला होता. त्यातल्या एकाच्या घरच्या मोटारी मी सुधारून दिल्या, आणि त्यानं मला त्याची जुनी हवाईयन गिटार आणि तिचा अॅम्प्लिफायर उचलून दिला. ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातानं तारेवरून पोलादी कांडी सरकवायची. सूर तुटत नाही, माणसाच्या गळ्यासारखा घसरत जातो. मी ती घरी आणली ती नुसती हौस म्हणून. बाबांनी एकदा कांडी सरकवली, आणि गिटार मांडीवरून खाली ठेवलीच नाही.

त्यांना सूर शिकवायची गरज नव्हती, फक्त तो तारेवर कुठं आहे हे शोधायचं होतं. पावसाळा लागेपर्यंत ते अख्खे अभंग वाजवायला लागले. पहिले पहिले आई म्हणायची, "अवं माय, घरात मांजर व्याली का काय?" नंतर तीच पोळ्या करता करता मागून गुणगुणायची. देवळातल्यांच्या कानावर गेलं. ते घरी आले, चटईवर बसले, म्हणाले, "मास्तर, यंदा काकड्याले या. हे घेऊन या. पहिला अभंग तुमीच उचलजा." बाबांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी दाढी दोनदा केली, आईनं सांगितलं म्हणून मला कळलं.

आणि भर श्रावणात गिटार मुकी झाली.

मी झाकण उघडलं. तारांच्या खाली पातळ पितळी झाकणात पिकअप बसवलेलं असतं. आत चुंबक, आणि त्याच्याभोवती केसापेक्षा बारीक तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उठते, ती डब्यात जाते आणि डबा गातो. डबा म्हणजे तो अॅम्प्लिफायर. घरात आम्ही सगळे त्याला डबाच म्हणायचो. तर आतली बारीक तार हिरवी पडून तुटली होती. मी म्हटलं, एवढंच ना? माझा धंदाच आहे. नागपूरहून बारीक तार आणली, हातड्रिल शिकंज्यात आडवं बसवलं आणि वेढे द्यायला बसलो. पंपाच्या तारेला सवयलेले माझे हात. तार जरा ओढली की तुटे. शिव्या देत देत, श्वास रोखत, दुकान बंद ठेवून, शेवटी ती कॉइल भरली.

आणि मग मी ते केलं जे रिवाइंडिंगवाला सवयीनं करतो. कॉइल भरली की वार्निश पाजायचं, आणि जळता बल्ब जवळ ठेवून वाळवायचं. वार्निश आतल्या तारा पकडून ठेवते, मोटार कितीही हलली तरी वेढे हलत नाहीत. मी पिकअपला मोटारीचं वार्निश पाजलं. दुसऱ्या दिवशी बल्बखाली बघतो तर वार्निशनं वेढ्यांखालची प्लास्टिकची चकती खाल्लेली, सगळी कॉइल जिलबीसारखी वाकडी. बाबा माझ्यामागं उभे. त्यांनी कपाळाला हात लावला. त्या हातावर माझा असा पारा चढला की मी जेवलो नाही.

बाभळीच्या लाकडाची नवीन चकती कोरून पुन्हा वेढे दिले. या वेळी वार्निश नाही. गिटार वाजली. पण आवाज मोठा केला की डब्यातून अशी किंकाळी निघे, की गोठ्यातलं वासरू दावं तोडे. माझे वेढे सैल होते. तारेबरोबर तेही थरथरत, डब्याचा आवाज पिकअपवर आदळे, पिकअप तो परत डब्यात पाठवी, आणि हे फिरून फिरून शेवटी कुईईई. देवळात तर डोक्यावर भोंगा. माइकवर एकदा हसलेलं गाव गिटारवर पण हसलं असतं. बाबा तिसऱ्यांदा तिकडं गेले नसते, हे मला आणि आईला न बोलता माहीत होतं.

नागपूरच्या एका जुन्या रेडिओवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "वार्निश नही, मोम पिलाओ." मेण वितळवायचं, पिकअप त्यात बुडवायचं. आतली हवा बुडबुडे होऊन वर येते, तिच्या जागी मेण शिरतं, गार झालं की वेढे जागच्या जागी. पण मेण थेट आचेवर नाही, गरम पाण्यात भांडं ठेवून. मेणबत्त्या घेतल्या, आणि मेण ठिसूळ होऊ नये म्हणून वर्ध्याच्या ग्रामोद्योगाच्या भांडारातून मधमाश्यांच्या मेणाची एक पिवळी ढेप आणली. घरभर मधाचा वास. कोजागरी जवळ आली होती; ती झाली की दुसऱ्या पहाटेपासून काकडा.

मेण पाजायच्या सकाळी मी म्हटलं, आधी एकदा सगळं तपासून घेऊ. किंकाळी होऊ नये म्हणून डबा आत स्वयंपाकघराच्या दाराशी नेला, लांब वायर टाकली, बाबांना बाहेरच्या खोलीत गिटार घेऊन बसवलं आणि मधलं दार लावून घेतलं. आई पिठात हात घालून बसली होती. मी डब्याचं बटण पूर्ण फिरवलं. घुरघुर आली. जरा खरखर. आणि मग डबा बोलला.

"झाकन वाकडंच बसवलं गधड्यानं."

माझ्या हातातला पेचकस खाली पडला. आई पिठाचे हात तसेच वर धरून उभी राहिली. म्हणाली, "कोन बोललं?"

आवाज पत्र्याचा होता, रेडिओ नीट लागला नाही की येतो तसा. पण तो चढ, ते "गधड्या"वर दाबणं. मी दार उघडलं. बाबा चष्मा कपाळावर सारून, नाक झाकणाला टेकवून माझं काम तपासत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. सैल वेढ्यांचं ते पिकअप नुसती तार ऐकत नव्हतं. त्या पातळ झाकणाजवळ तोंड नेऊन बोललं तर तेही ऐकत होतं, आणि देवळातल्या माइकनं पकडली ती फसफस गाळून नुसता घोगरा शब्द घेत होतं. माझ्या कच्च्या कामातून माझ्या बापाचा आवाज आला होता.

"बाबा, पुन्हा बोला."

त्यांनी मान वर करून हातानं विचारलं, काय?

"तसं नाई! खाली! झाकनाजवळ!"

ते वाकले. आतून डबा म्हणाला, "कायले वरडून राह्यला? बहिरा हाये का मी?"

मी हसलो आणि रडलो, दोन्ही. मला त्याची लाज नाही. आई चुलीपाशी खाली बसली आणि पदर तोंडाला लावला, पीठ सगळं गालाला.

मेण पाजणं त्या दिवशी राहिलंच. दुसऱ्या दिवशीही राहिलं. आमच्या घरात पुन्हा भांडणं सुरू झाली, काय बहार! बाबा बाहेरच्या खोलीत गिटारवर वाकलेले, डबा आत. आई विचारी, "ऐकलं का, वरनात मीठ बराबर होतं का सकाळी?" डबा म्हणे, "मीठ होतं, वरनच नव्हतं." आई डब्याकडं पाहून फणकारे, "मंग उद्या तुमीच करजा!" डब्याला रागावता रागावता ती हसत सुटायची. शेजारणीला आम्ही काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुमच्याकडं पाहुने आले का वं? कोन बोलून राह्यलं?" आई म्हणाली, "रेडिओ हाये."

मी दुकानात जाईना. मेण पाजायचं कोणी म्हटलं की मी कारण काढायचो. मेणात कचरा आहे. कथलाचा डाग द्यायचा कैया नीट तापत नाही. आज लाइन जाणार आहे. बाबा सगळं समजत होते, मास्तर होते ते. कोजागरीच्या सकाळी ते गिटारवर वाकले आणि डबा म्हणाला, "मेन केव्हा पाजतो रे?"

माझा भडका उडाला. "मले नाई पाजाचं! मेन पाजलं का हे झाकन काहीच ऐकनार नाई. फक्त तारा. कळते का तुमाले? तुमचा आवाज जाईन!"

"माहा आवाज गेलाच हाये."

"मंग मी माइक आनतो घरी. त्यात बोलजा."

"माइक नाई." डबा जरा थांबला. बाबांना एवढं बोलायला दम लागायचा. "बोलन्याचं काय? मी हातानं बी भांडतो तुह्याशी. गानं हातवाऱ्यानं होत नाई. मले देवळात गानं म्हनायचं हाये. हे किंचाळलं तर मी मेलो तिथं."

मग मी म्हटलं, आणि हे मी आजही तसंच म्हणीन, "आन् आमी? आमाले नाई पाह्यजे का तुमी?"

बाबांनी वर पाहिलं. उत्तर आईनं दिलं. ती उठली, चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं, त्यात मेणाचं भांडं सोडलं आणि जाळ सारला. पिवळी ढेप कडेनं पाघळायला लागली. मला म्हणाली, "तपून राह्यलं. आन तुहं ते."

मी कैया घेऊन बाहेर गेलो, वायर सोडवायला. बाबांनी हात आडवा केला. थांब, अशी खूण केली. बोटानं आत दाखवलं, म्हणजे तू आत जा. मी आत येऊन आईजवळ उभा राहिलो, तशी डब्यात खरखर झाली. श्वास ऐकू आला. आणि मग डब्यानं आईचं नाव घेतलं.

"अवं" नाही. नाव. माहेरचं, लहानपणी तिला हाक मारत असतील ते. मी ते त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच. एकदाच घेतलं, आणि बास.

आई लाल झाली. त्या वयात, त्या चुलीसमोर. म्हणाली, "पोरापुढं लाज नाई वाटत?" मग मला ढकलत म्हणाली, "जाय. आन लवकर, मेन तपलं."

मी पिकअप काढून आणलं आणि तारेनं बांधून मेणात सोडलं. लगेच बारीक बुडबुडे उठले, मोहरीएवढे, रांगेनं. आई वाकून पाहत होती. "हे काय निघून राह्यलं?" मी म्हटलं, "आतली हवा." बुडबुडे कमी झाले, मग चुकूनमाकून एखादा, मग नाहीच. मी काढायला गेलो तर ती म्हणाली, "थांब, अजून एक येईन." आला. मग मी काढलं, गार केलं, आणि जागेवर बसवलं. झाकण सरळ बसवलं.

दुसऱ्या पहाटे मी डबा सायकलच्या कॅरिअरला बांधला. बाबा धोतर-टोपी घालून पुढं, गिटार चादरीत गुंडाळलेली. आई घरीच राहिली, म्हणाली, "भोंगा येते इथंवर, मी ऐकीन." खरं म्हणजे तिला धीर नव्हता. देवळात सगळे बसले. मी डब्याशी बसलो, बटणावर हात, धाबं दणाणलेलं. बाबांनी माझ्याकडं पाहून बोट वर केलं, वाढव. मी वाढवला. अजून वाढव. वर भोंगा, पुढं डबा, आणि किंकाळी नाही. कांडी तारेवरून सरकली आणि पहिला अभंग गावावर गेला. टाळवाले पहिल्या ओळीला हात तसेच धरून ऐकत राहिले. दुसऱ्या ओळीला मागून सगळ्यांनी उचलला. कोपऱ्यातला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "मास्तर आले." माझा जीव भांड्यात पडला. लेकरं पण होती तिथं. ती झोपेतून उठलेली, तोंड उघडं टाकून पाहत होती.

घरी आलो तेव्हा उजाडलं होतं. आई दारातच होती. आत जाऊन तिनं चहा ठेवला. बाबा बाजेवर बसले, गिटार मांडीवर घेतली. मला डबा जोडायला सांगितला, आईला पुन्हा वाजवून दाखवायचं होतं. मी जोडला, बटण फिरवलं. आई कप घेऊन आली. तिनं वाकून झाकणावर नखानं टकटक केली. डब्यात काहीच नाही.

"आता याच्यात बोललं तर ऐकू येते का?" तिनं मला विचारलं.

"नाई."

"जराबी?"

"नाई आई. फक्त तारा."

"पक्कं?"

"पक्कं काम हाये माहं," मी म्हटलं, जरा चिडूनच.

तिनं कप खाली ठेवला. पदर डोक्यावरून नीट घेतला, गिटारवर वाकली, अगदी झाकणाला ओठ लावल्यासारखी, आणि काहीतरी बोलली. डबा गप्प. मला ऐकू आलं नाही. बाबांना आलं, त्यांचे कान चांगले होते, आणि ती त्यांच्या मांडीशीच वाकली होती. ते हसले, आवाज नसलेलं ते त्यांचं हसू, खांदे हलवत.

मला ऐकू आलं नाही, पण तिचे ओठ मी पाहिले. जे बोलली ते मी रोज लिहितो, सही करताना, माझ्या नावाच्या लगेच पुढं.